गव्हाणीतली तार: जनावराच्या पोटात लोखंड-प्लास्टिक जाऊ नये म्हणून

शेळी ओठांनी पान न पान वेगळं करून खाते. गाय-म्हैस जिभेचा वळसा घालून घास ओढते, दोन-चार चावे मारते आणि गिळून टाकते. नीट चावायचं काम मागाहून, निवांत बसून रवंथ करताना. त्यात जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले, त्यामुळे टोचलं-खुपलं तरी तोंडात आलेली वस्तू थुंकणं तिला जड जातं. मका-घासाच्या कुट्टीत, म्हणजे यंत्रावर बारीक कापलेल्या चाऱ्यात, बोटभर तार असली की ती चाऱ्याबरोबर आत जाते, आणि मालकाला कळतं ते आठ-पंधरा दिवसांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी.

आत गेलेलं लोखंड जड असल्यामुळे पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे कोटीपोटात, फार वेळ राहत नाही. ते पुढच्या लहान कप्प्यात, जाळीपोटात जाऊन तळाला बसतं. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत तारेचं टोक अडकतं. हे पोट साधारण मिनिटाला एकदा, दोन टप्प्यांत घट्ट आवळतं, आणि प्रत्येक आवळणीला टोक थोडं पुढं सरकतं. पुढं छाती-पोटामधला पडदा आहे आणि त्याच्या पलीकडे काही सेंटीमीटरवर हृदयाचं आवरण. गाभण जनावरात वाढलेलं गर्भाशय पोटातल्या सगळ्याच अवयवांना पुढं ढकलतं, वेताच्या वेळी ते कुंथतं, म्हणून कित्येक महिने गप्प पडलेली तार शेवटच्या दोन महिन्यांत किंवा विल्यानंतर लगेच घात करते. ‘विली आणि बसली’ असं म्हणून जो दोष वेताला दिला जातो, त्यातल्या काहींत खरा गुन्हेगार तार असते.

लोखंड येतं कुठून

नाशिकच्या निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात पहिला संशय द्राक्षबागेवर घ्यावा. मांडवाच्या तारा ओढताना, तुटलेली तार जोडताना, अँगलला पीळ मारताना पक्कडीनं टोकं कापली जातात आणि तिथंच बांधावर पडतात. त्याच बांधाचं गवत दोन महिन्यांनी कापून गोठ्यात येतं. घडांना पेपर लावताना मारलेल्या स्टेपलरच्या पिना काढणीनंतर कागदासकट बागेत पसरतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर काड्यांबरोबर बांधणीची सुतळी, प्लास्टिकची पट्टी, तारेचे आकडे असं सगळं एका ढिगात जातं. छाटणीचा ढीग जनावरासमोर टाकूच नये. विरळणीची फेलफूट, म्हणजे वेलीवरून काढलेले जादा कोवळे फुटवे, घालायची सवय असेल तर फवारणीचं वेळापत्रक आधी पाहावं. गोडी छाटणीला डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड हे रसायन लावायला वापरलेली फडकी, स्पंज आणि हातमोजे हे तर दुहेरी संकट आहे, गिळलं तर अडकतं आणि वर विषही आहे. ती बागेतच मोजून गोळा करावीत.

दुसरी जागा म्हणजे बांधकाम. नवा गोठा, कांदाचाळ, शेततळ्याचं कुंपण, घराचा स्लॅब, काहीही असो. सळ्या बांधायची काळी बाइंडिंग तार गुंठाभर जागेत विखुरते. कांदाचाळीच्या जाळीचे कापलेले तुकडे, पत्र्याचे खिळे, स्क्रू हेही त्यात आले. मिस्त्री काम संपवून जातो, तार राहते. जनावर मोकळं सोडत असाल तर बांधकाम पूर्ण झाल्यावर तो पट्टा चुंबकानं झाडल्याशिवाय सोडू नका.

तिसरी जागा कुणाच्या चटकन डोक्यात येत नाही: मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्यावर दाब म्हणून ठेवलेले जुने टायर. उन्हात रबर तडकतं, आतली बारीक पोलादी तार बाहेर येते, मोडते आणि मुरघासात पडते. ही तार केसापेक्षा थोडी जाड, कडक आणि टोकदार असते, डोळ्याला दिसत नाही. तडा गेलेला, कडेला तार उघडी पडलेला टायर खड्ड्यावरून आजच उतरवावा. त्याऐवजी वाळू किंवा मुरूम भरलेल्या गोण्या ठेवाव्यात, त्याही दरवर्षी तपासून, कारण उन्हानं गोणीच्या पट्ट्या तुटतात आणि तोही चारा होतो.

याशिवाय सरकी पेंडेच्या पोत्याची शिवण, दाभण, इंजेक्शनच्या सुया, गव्हाणीला मारलेला आणि सैल झालेला खिळा, विकतच्या कडब्याच्या पेंढ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बैलाच्या अंगावरचा साज उतरवताना बेगड, प्लास्टिकची फुलं, हारातली तार, टाचण्या जमिनीवर पडू देऊ नयेत. दसऱ्या-दिवाळीचे झेंडूचे हार तर लोक प्रेमानं गाईपुढं टाकतात, दोऱ्या-तारेसकट.

कुट्टी यंत्र: जिथं तार सापडवायची

हातभर लांबीची तार गाय सहसा गिळत नाही, आणि ती माणसालाही दिसते. कुट्टी यंत्र त्या तारेचे चाऱ्याइतकेच आखूड तुकडे करतं, दोन्ही टोकं धारदार. म्हणून यंत्रात घालण्याआधी पेंढी सोडायची, झटकायची आणि मगच लावायची. पेंढीसकट सारली की बांधलेली तार किंवा सुतळी आत गेलीच. पात्यावर ‘खट्ट’ आवाज आला तर आधी स्वीच बंद, चाक पूर्ण थांबू द्यायचं, पातं बघायचं. पात्याचा टवका उडाला असेल तर तोसुद्धा त्या चाऱ्यातच आहे. बाहेर पडलेली शेवटची दोन पाट्या कुट्टी बाजूला काढून पसरायची आणि चुंबक फिरवायचं.

चुंबकाचा पाट घरी करता येतो. भंगारातल्या जुन्या स्पीकरची, कड्याच्या आकाराची आठ चुंबकं घ्या. साधारण ४५ सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद लाकडी पाटावर ती दोन ओळींत, एकाआड एक सरकवून, स्क्रू-वायसरनं घट्ट बसवा. वरून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोका. साधा लोखंडी पत्रा चालणार नाही, तो चुंबकाची ओढ स्वतःतच जिरवतो आणि वरच्या तुकड्यापर्यंत पोचूच देत नाही. बरेच लोक यंत्राच्या लोखंडी तोंडाला बाहेरून चुंबक चिकटवतात आणि ‘काहीच सापडत नाही’ म्हणून काढून टाकतात, ते याच कारणानं. पत्र्याचा दुसरा उपयोग असा की ही चुंबकं ठिसूळ असतात. उघडी ठेवली आणि फुटली तर त्यांच्याच कपच्या चाऱ्यात जातील.

हा पाट यंत्राच्या तोंडाखाली तिरका लावा, चारा त्यावरून घसरत खाली पडेल असा. उतार फार ताठ ठेवला तर कुट्टी उडून पलीकडे जाते, फार सपाट ठेवला तर ढीग साचतो. थर चार-पाच सेंटीमीटरपेक्षा जाड असला तर वरच्या थरातली तार चुंबकाला लागत नाही. कुट्टीची प्रत्येक खेप झाली की पाट फडक्यानं पुसायचा, निघालेलं लोखंड झाकणाच्या डब्यात. आठवड्याला तो डबा पाहिला की आपल्या शेतात कुठली तार सुटतेय हे कळतं: काळी मऊ असेल तर बांधकामाची, चकचकीत कडक असेल तर मांडवाची, केसासारखी असेल तर टायरची.

पाट काम करतो की नाही, याची चाचणी घ्या. बाइंडिंग तारेचे तीन सेंटीमीटरचे दहा तुकडे करा, प्रत्येकाला लाल दोरा बांधा आणि दोन पाट्या तयार कुट्टीत मिसळा. ती कुट्टी यंत्रात न घालता हातानं पाटावरून सोडा. नऊ-दहा चिकटले तर ठीक. सहा-सात चिकटले तर थर पातळ करा किंवा उतार कमी करा. दहाच्या दहा तुकडे मोजून हातात येईपर्यंत ती कुट्टी गव्हाणीत टाकायची नाही.

हीच चुंबकं एका फळीच्या खाली बसवून, फळीला दोन चाकं आणि दांडा लावला की जमिनीवरून ओढायचा झाडू होतो. जमिनीपासून अंतर दोन-तीन सेंटीमीटर. गोठ्याचं अंगण, बांधकामाची जागा, बागेतला ट्रॅक्टरचा रस्ता, सगळीकडे चालतो.

एक लक्षात असू द्या. तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला लागत नाहीत. इंजेक्शनची सुई त्याच प्रकारात येते. म्हणून सुया मोजूनच वापरायच्या आणि जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या. मोडलेली सुई सापडली नाही तर त्या गव्हाणीतला चारा पूर्ण काढून टाका.

मांडवाच्या कामाला जाताना कमरेला प्लास्टिकचा डबा बांधावा, त्याला बाहेरून एक चुंबक चिकटपट्टीनं लावावं. कापलेलं टोक डब्यात सोडलं की आतल्या भिंतीला चिकटून राहतं, वाकलं तरी सांडत नाही. मजुरांना ‘तार उचला’ सांगून कुणी उचलत नाही. संध्याकाळी डबा दाखवायला सांगितला की उचलतात.

पोटातलं चुंबक

सगळी काळजी घेऊनही काही तुकडे जातातच, विशेषतः विकतच्या चाऱ्यातून. त्यासाठी गाईच्या पोटात आयुष्यभर राहणारं चुंबक मिळतं: गुळगुळीत, गोल टोकांचं, साधारण सात-आठ सेंटीमीटर लांब, बोटाएवढ्या ते अंगठ्याएवढ्या जाडीचं. ते जाळीपोटात जाऊन बसतं आणि येणाऱ्या तारा स्वतःला आडव्या चिकटवून घेतं, त्यामुळे टोक भिंतीत रुतत नाही. कालवड वर्षाची झाली की, गाभण राहण्याआधी, पशुवैद्यकाकडून द्यावं. एका जनावराला एकच.

देताना मान सरळ, जमिनीला समांतर ठेवायची; डोकं आभाळाकडे वर केलं की ठसका लागतो. गोळी देण्याची नळी जिभेच्या मुळापलीकडे नेऊन सोडायचं आणि गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसेपर्यंत थांबायचं. चुंबक बसलं का, हे होकायंत्रानं कळतं, मोबाइलमधलंही चालतं. डाव्या बाजूला कोपराच्या मागं, छातीच्या खालच्या भागाजवळ नेलं की सुई वळते. गोठ्याच्या लोखंडी पाइपांपासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून पाहावं, नाहीतर सुई पाइपच दाखवेल. विकत आणलेल्या गाईला आधीच चुंबक आहे का, हेही असंच तपासावं.

स्पीकरचं फुटलेलं चुंबक किंवा खेळण्यातली लहान चुंबकं कधीही देऊ नयेत. धारदार कपची म्हणजे आपणच दिलेला खिळा.

पहिले दोन दिवस ओळखायचे कसे

तार टोचली की एका वेळेला दूध एकदम तुटतं. काल सकाळी आठ लिटर देणारी गाय आज चार-पाचवर येते, हळूहळू कमी होत नाही. खाणं सोडते, रवंथ थांबते. पाठ कमानीसारखी, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभी. बसताना, शेण टाकताना, वळताना कण्हते. उतारावर पाऊल टाकायला नाखूश, चढावर त्यामानानं बरी, कारण उतारावर पोटातलं सगळं वजन दुखऱ्या जागेवर येतं. शेण कमी आणि घट्ट. डावी भकाळी (शेवटच्या बरगडीमागचा खळगा) थोडी फुगलेली, पण बोटानं दाबली तर मऊ.

ताप फार नसतो, इथंच लोक फसतात. निरोगी गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, या दुखण्यात पहिल्या दिवसांत १०३ ते १०४. थर्मामीटर गोठ्यात असायलाच हवा. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरा: निरोगी जनावरात दोन मिनिटांत साधारण तीन लाटा मुठीखालून जातात. एखादीच, तीही कमजोर जाणवली तर पोट थांबलंय.

दोन साध्या चाचण्या आहेत. पहिली: खांद्यामागच्या पाठीची कातडी दोन्ही हातांनी घट्ट चिमटायची. निरोगी गाय पाठ खाली झुकवते. दुखणारी गाय पाठ झुकवत नाही, तशीच ताठ राहते किंवा कण्हते. दुसरी: छातीच्या हाडाच्या मागं पोटाखालून एक गुळगुळीत काठी घालायची, दोघांनी दोन्ही टोकं धरून हळूच उचलायची आणि पटकन सोडायची. सोडताना कण्हण्याचा आवाज आला तर संशय पक्का धरावा. कण्हणं नाकाशी कान नेऊनच नीट ऐकू येतं. शेवटच्या महिन्यातल्या गाभण गाईवर काठीचा प्रयोग करू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाय थोडी सावरल्यासारखी वाटते, थोडं खाते. शरीरानं जखमेभोवती जाळं धरलेलं असतं, तार तिथंच असते. ‘उतरलं’ म्हणून डॉक्टरांना नको म्हणायची वेळ नेमकी हीच. पुढं पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) आणि पुढच्या दोन पायांमध्ये पाणी उतरलं, मानेची शीर दोरीसारखी फुगली तर हृदयाच्या आवरणात पू झालेला असतो आणि बहुतेक जनावरं त्यातून वाचत नाहीत.

काय करायचं, काय नाही

संशय आला की पहिलं काम जनावर जागेवर थांबवणं. चरायला सोडू नका, टेम्पोत उगाच चढवू नका. पुढचे पाय मागच्यापेक्षा १५ ते २० सेंटीमीटर उंच राहतील असा मुरुमाचा ओटा करा, म्हणजे पोटातलं वजन मागं सरकतं. डॉक्टर प्रतिजैविक, गरज असल्यास चुंबक देतात, आणि जनावर दोन-तीन आठवडे त्याच ओट्यावर बांधून ठेवायला सांगतात. लवकर उपचार झाला तर दोन-तीन दिवसांत भूक परत येते. नाही आली तर डाव्या बाजूनं पोट उघडून तार काढावी लागते. ही शस्त्रक्रिया जागा बधिर करून उभ्या जनावरावर होते, आणि शरीर खंगण्याआधी झाली तर गाय पुन्हा दुधावर येते. घरपोच पशुसेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुसर्वचिकित्सालयात आधी फोन करून जावं.

गोडं तेल, जुलाबाचं औषध, हिंग-ताक पाजून अपचन म्हणून चार दिवस घालवू नयेत. कमजोर गिळणीत तेल फुप्फुसात जातं, ते वेगळंच. गाय ‘मोकळी’ करायला पळवणं म्हणजे तार पुढं ढकलणं. वेदनाशामक स्वतः टोचू नका, कण्हणं थांबलं की निदान हरवतं. शिवाय डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यास २००६ पासून बंदी आहे. प्रतिजैविक सुरू असेपर्यंत आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नाही.

धातुशोधक यंत्रानं ‘लोखंड आहे’ एवढंच कळतं. ते टोचलंय की नाही, हे लक्षणं सांगतात. निरोगी गाईच्या पोटातही खिळे सापडतात.

प्लास्टिक, सुतळी आणि बाकीचं

प्लास्टिक हलकं, म्हणून ते कोटीपोटातच राहतं आणि टोचत नाही. पिशवी, नायलॉनची सुतळी, कांद्याच्या जाळीच्या गोणीचे धागे, मल्चिंगचा फाटका कागद एकमेकांत विणला जाऊन चेंडू होतो आणि पुढच्या पोटाचं तोंड अधूनमधून बुजवतो. गाय आज फुगते, उद्या बरी, परवा पुन्हा फुगते. खाणं अर्धवट, दूध हळूहळू कमी, अंग सुकतं. प्लास्टिक क्ष-किरणात दिसत नाही, औषधानं विरघळत नाही. पोट उघडून पाटीभर बाहेर काढणं एवढाच उपाय उरतो. महाराष्ट्रात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे, पण गाठ मारलेली शिळ्या भाताची पिशवी अजून रस्त्यावर पडतेच. गाईला पिशवी सोडता येत नाही, ती आतल्या मिठा-भातासाठी पिशवीसकट गिळते.

नाशिकच्या बाजार समितीतून मेथी-कोथिंबिरीचा उरलेला पाला आणत असाल तर प्रत्येक जुडीचं रबर आणि सुतळी आधी तोडून काढा. तोडलेलं रबर खाली टाकायचं नाही, खिळ्याला अडकवायचं. भाव पडला की कांदा गाईपुढं ओतला जातो, त्यात गोणीचे धागे येतातच. शिवाय जास्त कांद्यानं रक्त फुटून लघवी कॉफीसारखी होते. अख्खा कांदा, बटाटा किंवा आंब्याची कोय घशात अडकली तर मान ताणली जाते, लाळ गळते, पोट झपाट्यानं फुगतं. काठी किंवा पाइप घशात खुपसू नका, डॉक्टरांना बोलवा.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी गोठ्याजवळ ठेवू नका. फुटलेल्या बॅटरीतलं शिसं वासरं चाटतात, मग आंधळी होतात, दात खातात, झटके येतात.

जनावर स्वतःहून माती, कापड, चप्पल चघळायला लागलं तर स्फुरद (फॉस्फरस) आणि मिठाची कमतरता आणि जंत यांचा विचार करावा. मोठ्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ पेंडेत मिसळून द्यावं, जंतनाशक डॉक्टरांच्या सल्ल्यानं. पेंडेचं पोतं उघडताना शिवणीचा दोरा एका टोकानं ओढून अखंड काढा. तुटला तर राहिलेलं टोक शोधल्याशिवाय पेंड भिजत घालू नका, भिजल्यावर तो दोरा आणि सरकीची साल एकाच रंगाची दिसते.